सॅडलकाकांचा कागद

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात सॅडलकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारा एकही माणूस उरला नव्हता. दाबाची आडवी टाकी पाहिली असेल तुम्ही. औषधाच्या कॅप्सूलसारखी आडवी पडलेली असते, आणि खाली लोखंडाच्या दोन बैठका. त्या बैठकांना सॅडल म्हणतात. टाकी भरली की प्रत्येक सॅडलवर किती भार येतो, सॅडलच्या वरच्या कोपऱ्यापाशी पत्र्याला किती ताण पडतो, हे गणित काकांनी एकतीस वर्षं केलं. मी शेजारच्या टेबलावर त्यांच्या टाक्यांची चित्रं काढत होतो.

घरीही तेच. बाकाची फळी मध्ये वाकते म्हणून त्यांनी बाकाचे पाय टोकांपासून आत सरकवले. त्याच रविवारी व्याही नेमके टोकावर बसले आणि बाकासकट जमिनीवर आले.

"तुमच्या गणितात व्याही फळीभर सारखे पसरून बसतात," काकू म्हणाल्या. "माझ्या घरात ते टोकाला बसतात."

काकांची निवृत्ती जवळ आली होती; त्यांना नोकरीत दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी अशी सगळ्यात जास्त इच्छा काकूंची, कारण घरात अजून दोन कपाटं आणि एक पलंग शाबूत होता. पण काकांनाही ती मनापासून हवी होती. मला दुसरं काही येत नाही रे, असं एकदा डबा खाता खाता म्हणाले होते.

मुदतवाढीचा अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर असतानाच एका लांबलचक टाकीचं काम आलं. चित्र बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्या टाकीला दोनच सॅडल? गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरायला हवं, मध्ये तिसरं टाका. काकांनी शांतपणे समजावलं की दोन असली तर कुणावर किती भार, हे ठामपणे सांगता येतं. तिसरं आलं आणि एखाद्याखालचा पाया केसभर जरी खचला, तर कोण उचलतंय आणि कोण नुसतं उभं आहे, देव जाणे. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन आधार दोनापेक्षा मजबूत, हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणाले. मग अर्जावर पेपरवेट ठेवला आणि तीन सॅडलच्या गणितावर सही मागितली.

आम्ही सगळे मूग गिळून बसलो. मीसुद्धा. आजही त्याची लाज वाटते.

"दोनावर सही करतो," काका म्हणाले. "तिसऱ्याची जबाबदारी तुमची."

सही साहेबांनी स्वतःच ठोकली, अगदी झोकात. अर्ज नामंजूर होऊन त्याच आठवड्यात परत आला.

टाकी जागेवर बसली आणि चाचणीसाठी पाण्याने काठोकाठ भरली, तेव्हा काकांच्या नोकरीचे चार दिवस उरले होते. साहेब गिऱ्हाइकाच्या माणसांना मधल्या सॅडलची महती सांगत होते. काका गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली वाकले, खिशातून दोन सॅडलच्या गणिताचा कागद काढला आणि मधल्याखाली सरकवला. बोल्ट चुकवत कागद या बाजूने आत गेला आणि त्या बाजूने बाहेर आला. चुरगळलासुद्धा नाही. मधला पाया खचला होता. अख्खी टाकी पाण्यासकट काकांच्या दोन सॅडलवर उभी होती.

मला वाटलं, आता तरी साहेबांचं तोंड बंद होईल. कसलं काय! बघा, म्हणाले, तिसऱ्याला हातही लावावा लागत नाही, म्हणजे केवढी ताकद शिल्लक आहे. गिऱ्हाइकाने मान डोलावली. टाळ्यासुद्धा वाजल्या हो. काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या रिकाम्या टेबलाकडे मला बघवेना. साहेबांनी त्यांच्या जागी तीन माणसं घेतली. गिऱ्हाइकाला बरं दिसतं म्हणे. संध्याकाळी मी काकांना फोन करून सांगितलं. मागून काकू ओरडत होत्या, त्या कपाटाला हात लावू नका म्हणून.

काका म्हणाले, "मधल्याखाली कागद सरकवून बघितलास का?"