सासूबाई आणि सिनेमातली लिफ्ट

माझ्या सासूबाई सिनेमा बघत नाहीत, ऐकतात. समोर टीव्ही चालू, मांडीवर कुणाची तरी पँट उलटी करून घेतलेली आणि डोळे सुईवर. मारामारीचे आणि रहस्याचे सिनेमे सोडून दुसरं काही त्या लावत नाहीत, आणि तरीही मारामारी सुरू झाली की मान वर करत नाहीत. गोळीबारात बघण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. आवाज एकदम बंद झाला की मात्र सुई थांबते. मग चष्मा नाकावर नीट बसवून त्या बघतात, कारण खरं जे काही व्हायचं ते त्या शांततेतच होतं.

तीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात काजांच्या मशीनवर काढली. त्यामुळे त्यांची मतं बहुतेक कपड्यांवरून येतात. हिरो काचेतून उडी मारून, चिखलात लोळून उभा राहिला की त्या सांगतात, शर्ट बदललाय, आधीच्याचं तिसरं बटण सैल होतं. बारा गुंड एकेक करून मार खायला पुढे येतात तेव्हा त्यांना कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतली नळावरची झुंबड आठवते आणि गुंडांच्या शिस्तीचं कौतुक वाटतं. बॉम्बमध्ये लाल वायर आणि निळी वायर दिसली की मात्र त्या चिडतात. ‘मी केला असता तर सगळा एकाच रंगाच्या दोऱ्यात केला असता,’ असं त्या एकदा म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी जरा जपून वागतो.

खुनी ओळखायची त्यांची एक पद्धत आहे. ज्याचा कोट अंगाला नीट बसलाय तो शेवटपर्यंत राहणार, म्हणजे तो हिरो तरी किंवा खुनी तरी. ज्याच्या कोटाचे खांदे उतरलेत तो मध्यंतराच्या आत मरणार, कारण थोड्या वेळाच्या माणसासाठी शिंपी कोण कशाला बसवेल. मी ही पद्धत खोटी ठरवायचा बराच प्रयत्न केला. जमलं नाही.

आता माझ्याविषयी. मी लिफ्ट मेकॅनिक आहे. बावीस वर्षं दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, राहत्या इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करतोय. आम्ही राहतो त्या इमारतीची लिफ्टही माझ्याच हाताखाली आहे. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो आणि पोट वाढलंय म्हणून मी जिन्याने येतो-जातो. अकरा वर्षं जिने चढूनही पोट होतं तिथेच आहे, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

माझं आणि सिनेमावाल्यांचं वैर आहे. त्यांच्या लिफ्टमध्ये हिरो छताची फळी ढकलतो, टपावर चढतो, मग दोर एकेक करून तुटतात आणि लिफ्ट दगडासारखी खाली जाते. ती फळी बाहेरून बंद असते, आतून ढकलून उघडत नाही. असा प्रसंग आला की मी खुर्चीतून उठून भाषण देतो आणि सासूबाई दोरा ओवता ओवता म्हणतात, ‘असेल बाई.’ जावयाला बाई म्हटलं हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

पण स्वतः त्या लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवायच्या नाहीत. सुरुवातीची वर्षं तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर दम खात, सातही मजले चढून यायच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले, डॉक्टरांनी जिना बंद केला आणि त्यांचं आमच्याकडे येणंच थांबलं. मग आम्ही रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. बाजाराच्या मागे, तळमजल्यावरची एक खोली, दाराशी शिवणाचं मशीन. लिफ्टने यायचा आग्रह केला तर त्या टीव्हीकडे बोट दाखवायच्या. लिफ्टचं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं, एकदा नव्हे, निदान दहा सिनेमांत.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग त्यांची इमारत पाडायचं ठरलं आणि तीन महिन्यांत खोली रिकामी करा, असा कागद आला. माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. तिने दुसऱ्याच दिवशी आमची मागची खोली मोकळी केली, खिडकीला पडदे लावले, मशीन मावेल एवढी जागा भिंतीशी मोजून ठेवली. सासूबाईंनी मात्र कुणाला न विचारता शहराबाहेरच्या वृद्धाश्रमाचा अर्ज आणला. तिथे सगळ्या खोल्या तळमजल्यावर आहेत, बाग आहे, टीव्ही आहे, असं त्यांनी आम्हाला हसतमुखाने सांगितलं. पुढे रोज सकाळी बायको ती मागची खोली झाडायची, जिथे कुणी राहतच नव्हतं, आणि मला ते बघवायचं नाही.

अर्ज द्यायच्या आदल्या रविवारी मी तयारीनिशी गेलो. कामावरून लिफ्टच्या जुन्या दोराचा हातभर तुकडा आणला होता. तो चहाच्या कपांशेजारी टेबलावर ठेवला. सासूबाईंनी तो उचलला, बोटांनी चाचपला, टोक उकलून बघितलं. ‘आठ पेड,’ त्या म्हणाल्या. ‘वळलाय छान.’ मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

मी सांगितलं की असे पाच दोर असतात आणि त्यातला एकटा दोरही सगळ्या माणसांसकट लिफ्ट पेलतो. त्यांनी विचारलं, एक पुरतो तर पाच कशाला लावता, म्हणजे तुमचाही भरवसा नाहीच. मी म्हटलं, आई, तुम्ही बटण एका टाक्यात लावता का, सहा वेळा दोरा फिरवता ना? हा हुकमाचा पत्ता मी आठवडाभर राखून ठेवला होता. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की सहा वेळा फिरवूनही बटणं तुटतात, कारखाना सुटल्यापासून तीच लावून त्यांचं घर चालतंय.

मग मी लिफ्टच्या वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर सांगितला. वेग वाढला की लिफ्टखालचे पोलादी जबडे दोन्ही बाजूंचे रूळ कसे घट्ट धरतात, तेही हाताने करून दाखवलं. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून वर आणखी एक गोष्ट सांगितली. पलीकडे समतोलाला वजन लटकवलेलं असतं, त्यामुळे ब्रेक सुटलाच तरी रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, उलट वर जाते.

‘वर जाते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘म्हणजे छपराला आपटते.’

बायकोने माझ्यावर डोळे वटारले. पण मग माझं डोकंही फिरलं. बावीस वर्षांच्या कामापुढे कुणा सिनेमावाल्याची खोटी लिफ्ट भारी पडावी, याचा मला खरंच राग आला होता. मी आवाज चढवून म्हटलं, “आई, सिनेमात सगळं खोटं असतं हे तुम्हाला एवढं कळतं, बटणावरून शर्ट ओळखता, मग लिफ्टचंच तेवढं खरं कसं मानता?”

सासूबाईंनी दोराचा तुकडा टेबलावर ठेवला. टीव्ही बंद केला, जे त्या कधी करत नाहीत.

“सिनेमावाल्यांचं मी कधीच खरं मानलं नाही, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “खरं मानलं ते तुमच्या पायांचं. तुमच्या इमारतीत खाली बाकावर दम खात बसायचे तेव्हा बघायचे मी. दोन्ही हातांत पिशव्या, अंग घामाने निथळतंय, लिफ्ट समोर दार उघडून उभी, आणि तुम्ही जिन्याने. एकदा नाही, दर वेळी. जो माणूस ती लिफ्ट दुरुस्त करतो तोच तिच्यात चढत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सिनेमाचं नाव पुढे करत होते.”

पोटाचं कारण ओठांवर आलं होतं, पण या बाईसमोर ते टिकणार नव्हतं. आणि ते खरंही नव्हतं. मग मी ते सांगितलं जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं की माझी ड्यूटी सुरू होते. दार कुठे घासतंय, मोटर कुठल्या मजल्यावर कण्हतेय, हे मी ऐकू नये म्हटलं तरी कान ऐकतात. शिवाय आत कुणी शेजारी असला तर तोही लगेच तक्रार सुरू करतो. दिवसभर हेच करून आल्यावर घरी तरी ते नको वाटतं. जिन्यात काहीच बिघडत नाही. सात मजले मला कुणी काही विचारत नाही, म्हणून मी चढतो. भीती म्हणून नाही.

बायको म्हणाली की पोट का उतरत नाही ते आता कळलं, ते कारणच खोटं होतं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं तोंड नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, “आठ दिवस लिफ्टने जा-ये करा. मी खाली बसून बघणार. मग ठरवू.”

अर्ज त्यांनी फाडला नाही. घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

सोमवारपासून रोज संध्याकाळी सहा वाजता सासूबाई आमच्या इमारतीच्या बाकावर हजर. रिक्षाने यायच्या, सोबत शिवणाची पिशवी. मी कामावरून आलो की त्यांच्यासमोर लिफ्टने वर जायचं, पिशवी ठेवायची, लिफ्टनेच खाली येऊन त्यांना सोडायला जायचं. मी दार ओढून घेईपर्यंत त्या सुई हातात तशीच धरून बघत राहायच्या. मला ज्याची धास्ती होती तेच झालं. इमारतीला अकरा वर्षांनी मेकॅनिक लिफ्टमध्ये सापडला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आतला पंखा जोरात हवा होता, सहाव्यावरच्या शिक्षकांना हळू. तेवढ्या प्रवासात लोकांनी मला एवढ्या तक्रारी ऐकवल्या की जिन्याच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा. पण सातव्या मजल्यावर बायको दारात उभी असायची. ती काही विचारायची नाही, फक्त मी कशाने आलो ते बघायची.

नवव्या दिवशी सासूबाई बाकावरून उठल्या. पिशवी काखेत मारली आणि लिफ्टच्या दारापाशी येऊन म्हणाल्या, ‘चला.’

मी बटण दाबलं. त्यांनी माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. पहिला मजला गेला, दुसरा गेला, सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुठेतरी एक बारीक खर्रर्र झालं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. माझी मान आपोआप वाकडी झाली, आणि सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या.

“काय झालं?”

काही नाही म्हणणं सोपं होतं. पण कशाने गाडं अडलं होतं ते आठवलं आणि मी खरं ते सांगितलं. लिफ्टच्या बाजूची पट्टी रुळाला घासतेय. उद्या साफ करतो. पडायचा आणि त्याचा काही संबंध नाही.

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. सुई थांबवून शांतता ऐकतात ना, तशा. मग म्हणाल्या की त्यांचं काजांचं मशीनही असंच कुरकुरायचं, सुई बोथट झाली की, आणि साहेबाच्या आधी त्यांना कळायचं. सातवा मजला आला तेव्हा बाही त्यांनी सोडली होती. दारात बायको होती. तिने आईला मिठी मारली आणि दोघी रडल्या, आणि मला पिशवी धरून उभं राहावं लागलं. माझेही डोळे भरून आले होते, ते कुणी बघितलं नाही याचं बरं वाटलं.

त्या गोष्टीला आता सात महिने झाले. मशीन मागच्या खोलीत भिंतीशी बसलंय, अर्जाच्या कागदावर त्यांनी कुणाच्या तरी बाहीचा नमुना कापला. आता सिनेमात लिफ्ट पडली तर त्या मान वर न करता म्हणतात, ‘आवाज चुकीचा आहे.’ दोर तुटायचा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नाही, मीही नाही, पण मी वाद घालत नाही. त्या रोज संध्याकाळी खाली जातात, बाकावर बसतात आणि मी आलो की माझ्याबरोबर वर येतात. एकट्या कधीच नाही. खाली जाताना बायको सोबत, वर येताना मी. वर येताना मला दिवसभराची बातमी मिळते. पाचव्यावर आज दोनदा कुरकुरली, दार ओढायला जरा जड जातंय. त्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत. दहांतल्या नऊ तक्रारी खऱ्या निघतात.

परवा एका दवाखान्याची लिफ्ट सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या बोकांडी बसली होती. घरी आलो तेव्हा कानांत नुसती मोटर घुमत होती. सासूबाई बाकावरून उठल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

“तुम्ही जिन्याने या,” त्या म्हणाल्या. “आज लिफ्टचं मी ऐकते.”

मी काही म्हणायच्या आत त्या आत गेल्या, दार ओढलं आणि चष्मा नाकावर नीट बसवून सातचं बटण दाबलं. मी जिन्याला लागलो. पाचव्या मजल्यावर दम खायला टेकलो तेव्हा वरून त्यांचा आवाज आला. त्या बायकोला सांगत होत्या, आज कुठेही घासली नाही.