बेबीताईच्या भिंतीवरचं नाव

टाकळी बाजारातले निम्मे मेलेले लोक माझ्या हाताखालून गेले आहेत. घाबरू नका, मी डॉक्टर नाही. मी फहीम पेंटर. मंदिराचा पंखा, शाळेचं बाक, स्मशानातलं शेड, पाण्याची टाकी, कुणी काहीही दान दिलं की त्यावर ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहायला मलाच बोलावतात. फ्लेक्सवाल्यांनी आमचा धंदा बसवला खरा, पण पंख्याच्या पात्यावर फ्लेक्स टिकत नाही, म्हणून माझी चूल पेटते.

आमच्याकडे गुप्तदान कुणाला माहीत नाही. पंखा हलका घेतील, पण नाव तिन्ही पात्यांवर मागतील. पंखा फिरायला लागला की त्यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, ही गोष्ट मी चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेली नाही. पोटाचा प्रश्न आहे.

पण ही गोष्ट माझी नाही, बेबीताईची आहे. गुरुवारच्या बाजारात निंबाखाली लसूण, आलं आणि हिरवी मिरची घेऊन बसते ती. वय बावन्न, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, एकुलती एक मुलगी मलकापूरला दिली. आवाज असा की जळगाव जामोदच्या एसटीत बसलेला माणूससुद्धा लसणाचा भाव ऐकून खाली उतरतो, असं लोक म्हणतात. लोक वाढवून सांगतात, पण फार नाही.

निंबाखालची जागा तिच्या आईची, शालूबाईची. बाजारापुरत्या आईकडून तिला तीन वस्तू मिळाल्या: ती जागा, एक तराजू, आणि बाजाराच्या दिवशी पाण्याचा थेंबही तोंडात न घेण्याची सवय. आमच्या बाजारात दीडदोनशे बाया सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत बसतात आणि त्यांना जायला जागा नव्हती. पुरुषांचं काय, गावातली प्रत्येक भिंत त्यांचीच. बाया घरी जाईपर्यंत कळ काढायच्या. शालूबाईनं तीस वर्षं कळ काढली. पुढे मुतखडा झाला, मग मूत्रपिंडं सुजली. डॉक्टरनं रागावून सांगितलं की, दिवसातून तीन-चार लिटर पाणी पीत जा. शालूबाई म्हणाली, “पितो ना साहेब, पण गुरुवारी पिऊन जाऊ कुठी?” डॉक्टर हसला म्हणे. दोन वर्षांत शालूबाई गेली. बेबीताईनं हा किस्सा मला दहा वेळा तरी सांगितला असेल, दर वेळी त्याच शब्दांत. तो डॉक्टर मला आवडत नाही. मी त्याला पाहिलेलंही नाही, तरी आवडत नाही.

गावात सावली महिला मंडळ आहे. निवृत्त शिक्षिका जयमाला मॅडम त्याच्या अध्यक्ष. मंडळ संक्रांतीला हळदीकुंकू करायचं, जूनमध्ये गरीब मुलींना वह्या वाटायचं, फोटो काढायचं. चार वर्षांपूर्वी बेबीताई न बोलावता त्यांच्या मीटिंगला गेली आणि उभ्या उभ्याच बोलली, “मॅडम, वह्या वाटता, लय चांगलं करता. पण पोरगी वह्या घेऊन मोठी होईन, बाजारात येईन, मंग मुतायले कुठी जाईन?” मॅडमना ठसका लागला. मीटिंगच्या वहीत ‘महिला प्रसाधनगृहाबाबत चर्चा झाली’ असं लिहिलं गेलं. पण मॅडम मनाच्या खऱ्या. त्यांनी पंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या आणि निंबासमोरचा, कोंडवाड्यामागचा कोपरा मिळवला.

जागा मिळाली, पैसे कुठले? त्यावर बेबीताईनं काढलेली तोड अशी. बाजार उठायच्या वेळी मंडळाच्या बाया टोपल्या घेऊन फिरायच्या आणि प्रत्येक दुकानातून एक पसा मागायच्या. पसा म्हणजे दोन्ही हातांत मावेल तेवढा माल. वांगी, भेंडी, हरभरा, शेव, बोरं, जे असेल ते. पैसे मागितले की माणसाचा हात खिशावर जातो, माल मागितला की ढिगाकडे जातो, हे तिला बरोबर ठाऊक होतं. मग निंबाखाली त्या मालाचे वाटे लावून ती लिलाव करायची. “बोला हो, हा वाटा! वांगे घ्या, वांग्यासंगं पुण्य फुकट! नारायणराव, तुमच्या घरी सात माणसं, अन् बोली वीस रुपयांची? लाज वाटू द्या बाप्पा!” नारायणराव हसत हसत पन्नासवर यायचे. असे दोन वर्षांचे गुरुवार गेले. भिंती आल्या, स्लॅब पडला. मग दारं, टाकी आणि नळावर गाडं अडलं. वांग्यांच्या वाट्यांवर टाकी येत नाही.

मॅडम म्हणाल्या, दानशूर गाठू आणि भिंतीवर नावं लिहू. मी खूश झालो, आपल्याला काम मिळालं म्हणून. झालं भलतंच. स्मशानाचं फाटक देणारे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, बापाचं नाव संडासावर लिवू काय?” दुसऱ्याची तयारी होती, पण नाव समोरच्या पाणपोईवर हवं, आणि तिथे पाणपोईच नव्हती. नारायणराव वाटेल तितकी वांगी घ्यायला तयार होते, नाव द्यायला नव्हते. मेल्यावर स्मशानाच्या फाटकावर मिरवायला चालतं, पण जित्या बायांच्या सोयीच्या जागी नाव आलं की बाप बाटतो. मी हे त्यांना तोंडावर बोललो नाही. बोलायला हवं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी बेबीताईनं पदराची गाठ सोडून मॅडमच्या हातात सोन्याची पोत ठेवली. आईची होती.

“यातून टाकी येते का पाहा,” ती म्हणाली. “अन् माह्या मायचं नाव लिवा. बापाच्या नावाचा पंखा मंदिरात फिरून राह्यला, मायचं नाव या गावात कुठीच नाही.”

तो पंखा तिच्या धाकट्या भावानं, गजेंद्रनं दिलेला. नाव मीच लिहिलं होतं. गजेंद्रचं बी-बियाण्याचं दुकान आहे, गावात वजन आहे. बेबीताईला दिलं गावातल्या गावात, त्यामुळे तिचं माहेर दोन गल्ल्या सोडून. आई-बाप गेल्यावर माहेर म्हणजे हा एकच भाऊ. तीस वर्षांत तिची एक भाऊबीज चुकलेली नाही.

मी शिडी लावली आणि लाल ऑइलपेंटनं झोकात नाव काढलं, ‘कै. शालूबाई किसनराव वानखडे’. अक्षरं वाळायच्या आत गजेंद्र येऊन ठेपला.

“पेंटर, पुस ते! माह्या बापानं तीस वर्सं मंदिरात टाळ वाजवला, अन् त्याचं नाव तू मुतारीवर लिवून राह्यला काय बे?”

मी वर पाहिलं. खरंच की. मधोमध किसनराव. बेबीताई फक्त ‘मायचं नाव’ म्हणाली होती, नवऱ्याचं नाव लिही असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण बाईचं नाव लिहिलं की हात आपोआप नवऱ्याच्या नावाकडे सरकतो, चाळीस वर्षांची सवय. चूक सर्वस्वी माझी होती आणि भोगायची पाळी तिच्यावर आली.

गजेंद्र बहिणीकडे वळला. “ताई, सांगून ठेवतो. मायचं नाव इथं लिवलं त भाऊबीजेले माह्या दारात येऊ नको. मीही येणार नाही.”

सगळा बाजार ऐकत होता. बेबीताईचे हात मिरच्यांत तसेच राहिले. मग ती मला म्हणाली, “पुसा, फहीमभाऊ.”

मी थिनरनं पुसलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानी आली आणि पायरीवर बसली.

“किसनराव काढलं, वानखडे काढलं, त काय उरते?” तिनं विचारलं.

“शालूबाई.”

“तेही माह्या बापानंच ठेवलं ना. लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिवून. त्याच्या आधी तिले काय म्हणत?”

“काय म्हणत?”

“मले माहीत नाही,” ती म्हणाली. “मी तिच्या पोटची, फहीमभाऊ, अन् मले माहीत नाही.”

पुढच्या गुरुवारी निंबाखालची जागा रिकामी होती. गिऱ्हाइकं येऊन मला विचारायची, बाई आजारी आहे काय? बाई जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. खामगाव, मेहकर करत तीन एसट्या बदलून लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला, आईच्या माहेरी. तिथे आईची धाकटी बहीण, गयामावशी, अजून आहे. डोळे गेलेत, डोकं शाबूत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी एसटीतून उतरली ती पिशवीसकट थेट माझ्याकडे. मावशीचं बोलणं तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. मावशी म्हणाली होती, “शालू? कोण शालू? आमची तर कौतिका. लई पाणी प्यायची बघ. विहिरीवर गेली की भरलेला तांब्या एका दमात रिता करायची. आय रागवायची तिला, म्हणायची, तू एक दिवस विहीर आटवशील.”

एवढं सांगून बेबीताई पदर तोंडात कोंबून रडली. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. एका दमात तांब्या पिणारी ती पोर आमच्या गावात आली आणि तीस वर्षं तहान मारत बसली. आम्ही सगळे रोज तिच्या समोरून जात होतो.

दुसऱ्या दिवशी बेबीताई म्हणाली, “लिवा.” मी विचारलं, “भाऊबीज?” ती म्हणाली, “मायले एक जागा भेटून राह्यली. मले भावाचं दार नाही भेटलं त नाही.” म्हणाली खरी, पण माझ्याकडे न बघता. मी निळ्या रंगात वीतभर उंचीचं एकच नाव काढलं: कौतिका. आधी ‘कै.’ नाही, नंतर काही नाही.

दोन आठवडे लोक विचारत होते, ही कौतिका कोण? एका म्हातारीनं तर देवी समजून हात जोडले. खरं कळल्यावर मंडळातल्या एका बाईनं आईला फोन लावला, तुझं लग्नाआधीचं नाव काय? मग दुसरीनं. कुणी गड्याच्या हाती निरोप पाठवले, कुणी आत्याला गाठलं. सखी, येसू, रत्नी, भागा अशी अकरा नावं माझ्याकडे आली आणि प्रत्येक नावामागे जमेल तेवढी वर्गणी. पोत मोडून टाकी आली, वर्गणीतून दारं आली, नळ बसला. एका बाईच्या आईचं नाव सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. तिनं पैसे दिले आणि म्हणाली, तेवढी जागा कोरी सोडा. ती मी चौकट आखून कोरी सोडली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात अवघड काम तेच.

बेबीनं आईचं नाव लिहिलंच, एवढं गजेंद्रच्या कानावर गेलं. बायकांच्या संडासाकडे बघायचं कसं, म्हणून त्यानं भिंत पाहिली नाही. भाऊबीजेला बेबीताईनं ओवाळणीचं ताट केलं आणि दार उघडं ठेवून बसली. तो आला नाही. तीही गेली नाही. दिव्यातलं तेल संपल्यावर तिनं ताट उचलून ठेवलं, हे मला मॅडमनी सांगितलं.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी संडास सुरू झाला. फीत वगैरे काही नाही, मॅडमनी कुलूप काढलं आणि रांग लागली. मी बाहेरच्या पाटीवर शेवटचा हात फिरवत होतो, तोच गजेंद्र आला. वादाच्या तयारीनंच आला होता. भिंतीवर वरून खाली नजर फिरवली, पुन्हा फिरवली.

“कुठी हाय नाव?” त्यानं मला विचारलं.

“ते काय, सगळ्यात वर.”

“ही कौतिका कोण?”

मी निंबाकडे बोट केलं. तो बहिणीसमोर जाऊन उभा राहिला आणि तिनं बसल्या बसल्याच त्याला सगळं सांगितलं. सुलतानपूर, मावशी, विहीर, तांब्या. एरवी कोसावर जाणारा तिचा आवाज तेव्हा मलाही जेमतेम ऐकू आला.

गजेंद्र मटकन लसणाच्या पोत्यावर बसला. “मायचं नाव होतं हे? मले काऊन नाही सांगितलं कोणी?”

“तू इचारलं कधी? मी तरी कुठी इचारलं?”

ऊन चढलं होतं. बेबीताईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मी तिला बाजारात बाटली आणताना पहिल्यांदाच पाहत होतो. तिनं मान वर केली आणि सगळ्या बाजारासमोर, एका दमात, बाटली रिकामी केली. गजेंद्र शेवटच्या घोटापर्यंत तिच्याकडे बघत होता. मग त्यानं डोळे पुसले, तराजू तिच्या हातातून काढून घेतला आणि पोत्यावर नीट मांडी घातली.

“जाय ताई तू,” तो म्हणाला. “मी बसतो दुकानावर.”

ती उठली आणि कौतिकाच्या नावाखालून आत गेली. इकडे एका बाईनं लसणाचा भाव विचारला. गावातला एवढा वजनदार व्यापारी, त्याला भाव माहीत नव्हता. “थांबा जराशीक,” तो म्हणाला, “माही बहीण येऊन राह्यली.”