नानांचा डबा आणि माझे कान

चहा घ्या आधी, मग सांगतो. कारण उपकार फेडायला निघालेला माणूस स्वतःचं किती हसं करून घेऊ शकतो, हे ऐकताना हातात काहीतरी धरलेलं बरं!

आमच्या नवापुरात मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. शिकवलं नानांनी. नाना माझे ना काका ना मामा. आमच्या गल्लीत राहतात, लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे, आणि मला त्यांनी पोटच्या पोरासारखं शिकवलं. हात थकले तेव्हा आपला ॲम्पही मलाच दिला. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा. हा जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हवाला, आधी तापतो आणि मग बोलतो. आज माझं घर चालतं ते नानांमुळे. हे मी कुणालाही, कुठेही सांगेन.

पुढे मी त्याच ॲम्पचा री-इश्यू घेतला. म्हणजे कंपनीने जुन्याच आराखड्यावरून नव्याने काढलेला, दिसायला हुबेहूब. कार्यक्रमांना जीपच्या टपावरून फिरून फिरून तोही जुन्यासारखाच खरचटला. नानांच्या ॲम्पचा एक कोपरा फाटलेला होता, तेवढाच काय तो फरक.

पण नानांनी मनाला लावून घेतलं. नवा आल्यापासून एकच पालुपद, "मन्हा डबा आते जुना झाया रे. भंगारमा देई टाक."

भंगारात? माझी भाकरी भंगारात? छे! मी ठरवलं, दसऱ्याला नानांना घरी बोलवायचं, चारचौघांसमोर दोन्ही ॲम्प वाजवायचे आणि जुन्याची सर नव्याला नाही हे त्यांना ऐकवायचं.

नवरात्रात मी गरब्यासाठी सुरतेला. तिथे ॲम्प आयोजकांचे, म्हणून आमचे दोन्ही घरीच. दसऱ्याला बस उशिरा पोचली, तोवर मंडळी येऊन बसलेली! ओट्यावर दोन्ही ॲम्प, पूजा झालेली, अंगावर झेंडूच्या जाड माळा. एक चकचकीत, एक खरचटलेला.

आता खरचटलेला कोण? अर्थात जुना! एवढं काय डोकं चालवायचं?

माझी बायको सुनीता दारातून काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, चहा घ्या म्हणतेय.

मी खरचटलेल्याला गिटार जोडली. तो तापेपर्यंत भाषण ठोकलं. "मंडळी, हा आमच्या नानांचा ॲम्प!" आणि डोळे मिटून नानांनी शिकवलेली वरातीची धून वाजवली. काय वाजवली म्हणता! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकला गोडवा? लाकूड मुरलेलं असतं, मंडळी, लोणच्यासारखं!"

मग चकचकीत ॲम्प. चार सूर काढले आणि तोंड वाकडं केलं. "आणि हा नवा! नुसता पत्रा! पोल्ट्रीत कोंबड्यांना दाणा टाकायच्या कामाचा!"

सगळे हसले. आमचा ऑक्टोपॅडवाला दिलीप तर मांडीवर थाप मारून हसला. नाना तेवढे हसले नाहीत.

"खरंच पत्रा वाटस का रे?"

"नाना, तुमची शपथ! घरात ठेवायची लाज वाटते!"

आता मात्र सुनीता बाहेरच आली. "आवो, गप बसा ना! चकचकीत शे तोच नानासना डबा! नानासले खूश कराले मी सीटकव्हरवालाकडथून त्याले नवं रेक्झिन लाई लिधं!"

दसऱ्याला आमच्याकडे जीपपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांचं रूप पालटतं, हे मी विसरलोच कसा? दिलीपने खरचटलेल्याची माळ उचलून पाहिली. कोपरा शाबूत!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याच डब्याला मी त्यांच्याच तोंडावर पत्रा म्हणालो! आपट्याची पानं घेऊन मी सरळ त्यांच्या पायांवर पडलो. "नाना, चुकलो!"

नाना उठले, आपल्या डब्यावरून हात फिरवत राहिले. नव्या रेक्झिनवर त्यांची बोटं रेंगाळली, आणि मग ते चक्क हसले. "ऊठ रे. पोरीनी याले नवरदेव करी टाकं. आते भंगारमा देऊ नको." खरं सांगतो, बायकोचे उपकार मी त्या क्षणी आयुष्यभरासाठी मान्य करून टाकले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण दिलीप कुठला गप बसतो? "पण नाना, याले इतला फरक कसा वाटना?"

"आवाज दोन्हीसना सारखाच शे," नाना म्हणाले. "पहिलावर मन्हा डबा समजीसन यानी मन्हासारखं वाजाडं."

माझा ऊर भरून आला! काय बोलले नाना! मला तिथेच थांबता आलं नाही.

"आणि नाना, दुसऱ्यावर?"

नानांनी माझ्या हातात सोनं ठेवलं, पाठ थोपटली.

"दुसरावर तू तुन्हासारखं वाजाडं."