शिव्या द्यायला विसरलेली लारिबा

लारिबाला राजधानी अक्रात मॅडम म्हणतात, टामालेच्या बँकेत मॅडम म्हणतात, पण गुमायिलीत तिचं नाव सायकलवाली. आता तिच्या दिमतीला गाडी असते, तरी नाव तेच. आमच्या गावात एकदा चिकटलेलं नाव कुठल्याही साबणाने जात नाही.

सायकल तिला मिळाली एकोणिसाव्या वर्षी. टामालेच्या बाजारात तिला सूसूचं, म्हणजे रोजची बचत गोळा करण्याचं काम करायचं होतं. लापशीवाल्या, मिरचीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या बायका रोज नाणं-दोन नाणी बाजूला काढतात. ती गोळा करायची, जिच्या तिच्या कार्डावर खूण करायची, महिना भरला की परत करायची आणि एका दिवसाची भर आपली मजुरी म्हणून ठेवायची. तोवर हे काम पुरुषांचं होतं, आणि त्यातले दोन पुरुष बायकांची पुंजी घेऊन कुमासीकडे पसार झाले होते. त्यामुळे लारिबा दिसली की बायका एकमेकींना विचारायच्या, "ही कधी पळणार गं?"

तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ नांतोग्मा. त्याने आपली गाभण बकरी विकून तिला सायकल घेऊन दिली.

"घे," म्हणाला. "पळालीस तर जोरात पळ. तुला शोधत हिंडायला माझे गुडघे चालत नाहीत."

"पळायचंच असतं तर तुझ्यासारख्या टकल्याला सांगून पळाले असते होय?" लारिबा म्हणाली. "आणि उपकार कसले करतोस? बकरी माझीच होती. लग्नात तूच दिली होतीस."

लग्न म्हणजे थट्टेतलं. आजोबा आणि नात म्हणजे नवरा-बायको, हे आमच्याकडे रांगत्या पोरीलाही ठाऊक असतं. बायकोने नवऱ्याला टकल्या म्हणावं, भिकारड्या म्हणावं, त्याच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलावा, टोपी पळवावी. त्याने 'हिला कोणीतरी माहेरी नेऊन टाका रे' म्हणून गळा काढावा. खरं रागवायची मुभा दोघांनाही नाही. या नात्यात माणूस आदराने बोलायला लागला, की समजावं, कुठेतरी बिनसलं.

लारिबा पळाली नाही. सहा वर्षं तिने सायकल हाणली आणि त्या सहा वर्षांत तिला एक गोष्ट उमगली. बायका बचत करतात, राबतात, आणि तरी उन्हाळा सरताना त्यांच्या घरातलं धान्य संपतं. नेमक्या त्याच दिवसांत रानात शियाची फळं पडतात, ज्यांच्या बियांचं लोणी निघतं. पहाटे उठून वेचायची, बिया उकडायच्या, वाळवायच्या. चार महिने घरात ठेवल्या तर दाम दुप्पट. पण चार महिने खायचं काय? मग व्यापारी म्हणेल त्या भावाला ओल्याच विकायच्या. त्यात नवऱ्यांना पैशाची नड लागली की ते झाडंच कोळशाला देऊन मोकळे. जमीन पुरुषांची, फळं बायकांची, झाडाला मात्र कोणी वाली नाही.

ती बँकेत गेली. साहेबाने विचारलं, "तारण काय देणार?"

"झाडं."

"तुमच्या नावावर आहेत?"

"साहेब, झाड कोणाच्या नावावर असतं हो? ते उभं असतं."

साहेब हसला. दुसऱ्या बँकेतला साहेब हसलाही नाही. लारिबा आठ वर्षं हे एकच दळण दळत राहिली: बायकांना फळं पडायच्या आधी कर्ज द्या, त्यांच्या रानातली झाडं उभी आहेत तोवर व्याज कमी ठेवा, झाडं पडली तर कर्ज बंद करा. शेवटी एका बँकेने ऐकलं. मग अक्रातल्या मोठ्या लोकांनी या गोष्टीला हरित वित्त असं भारदस्त नाव दिलं आणि लारिबाला सभांना बोलावू लागले. नैरोबीला गेली, डाकारला गेली. अकरा हजार बायकांच्या हातात तिच्यामुळे पासबुकं आली. आम्हाला अभिमान का नसेल? आहेच. पण गावात ती वर्षातून दोनदा यायची, गाडीतून उतरायची, सगळ्यांची विचारपूस करायची आणि घड्याळ बघायची.

यंदा गुमायिलीची पाळी आली. गावातल्या तीस बायकांचा गट, त्यांची प्रमुख शेतू. बायकांच्या प्रमुखाला आम्ही मगाझिया म्हणतो. शेतू अशी मगाझिया, की उशिरा आल्याबद्दल तिने एकदा स्वतःच्या आईला दंड केला होता. बँकेची अट अशी, की वेचणीच्या रानातली झाडं तीन वर्षं पडणार नाहीत असं जमीनवाल्याने लिहून द्यायचं. आणि रानातली सगळ्यात भरघोस चाळीस झाडं होती नांतोग्माच्या शेतात.

लारिबा मनात म्हणाली, हे तर घरचंच काम.

ती बँकेच्या दोंकोर साहेबांना घेऊन आली. साहेब पहिल्यांदाच गावात येत होते, तेव्हा सगळं रीतसर दिसावं म्हणून ती नांतोग्माच्या उंबऱ्याशी दोन्ही गुडघ्यांवर बसली, नजर खाली घातली आणि प्रकृती कशी आहे, पीकपाणी कसं आहे, अशी लांबलचक चौकशी केली. मग चटईवर कागद ठेवून म्हणाली, "आजोबा, आपण यावर अंगठा दिलात तर बायकांवर मोठे उपकार होतील."

नांतोग्माने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे पाहिलं, जणू दुसरी कोणी आली आहे का ते बघत होता.

"पाहुण्यांना पाणी द्या," तो म्हणाला. "कागद राहू दे. विचार करतो."

"उशीर नको आजोबा, आम्हाला अजून तीन गावं करायची आहेत," असं म्हणून लारिबा उठली. गाडीत बसताना साहेबांना म्हणालीसुद्धा, किती सुरळीत झालं बघा.

आठव्या दिवशी सकाळी ती टामालेच्या कचेरीत असताना मगाझियाचा फोन आला.

"सायकलवाले, ये लवकर. तुझ्या नवऱ्याने चाळीस झाडं विकली. सुग्री कोळशेवाल्याचा ट्रक आलाय, करवत सुरू झाली. दोन झाडं गेली बघ."

लारिबाने तशीच गाडी काढायला लावली. गुरुवारी साहेब झाडांना खुणा करायला येणार होते. झाडं नाहीत म्हणजे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे तीस बायका यंदाही ओल्या बिया मातीमोल विकणार. तासभराची वाट तिने रागाने धुमसत काढली. म्हातारा पैशाला हपापला, असंच तिच्या मनात होतं.

गावाच्या तोंडाशी मगाझिया कमरेवर हात ठेवून उभी होती.

"त्याला काय बोलायला निघालीस? आधी मला सांग, त्या दिवशी तू काय केलंस?"

"काय केलं? नीट नमस्कार केला, नीट बोलले."

"तेच तर! गुडघे टेकलेस त्याच्यापुढे. आजोबा म्हणालीस. एक शिवी दिली नाहीस गं बाई, एक! तीन दिवस तो धड जेवला नाही. बायकोने मला सोडलं म्हणून सांगत फिरला गावभर. आम्हाला वाटलं थट्टा करतोय."

म्हाताऱ्याला शेवटची शिवी कधी दिली, हे लारिबा आठवू लागली. नऊ वर्षं झाली होती. तिने चपला तिथेच काढल्या, डोक्यावरचा शहरी रुमाल कमरेला खोचला आणि चालू लागली.

नांतोग्मा भिंतीला टेकून जपमाळ ओढत बसला होता. तिला पाहून म्हणाला, "या मॅडम. चटई घाला रे मॅडमना."

"मॅडम गेली तुझ्या कोळशात!" लारिबा ओरडली. "टकल्या, लंगड्या, बायकोला उपाशी ठेवून झाडं विकतोस? माझा वाटा कुठाय? दुसरी केलीस वाटतं. कोण आहे ती आंधळी? बाहेर काढ तिला!"

तिने त्याच्या डोक्यावरची टोपी हिसकली. दोरीवर वाळत घातलेला त्याचा जाड विणीचा अंगरखा ओढून अंगात घातला. म्हातारा तोंड फिरवून बसला, पण त्याचे खांदे हलत होते. शेवटी त्याला राहवेना. तो खदखदून हसला, इतका की जपमाळ खाली पडली. आणि हसता हसता रडायला लागला.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "मला वाटलं काडीमोड झाला."

लारिबा त्याच्याजवळ मातीत बसली. त्याने उशाखालून एक घडी काढून तिला दाखवली. कोरं पांढरं कापड होतं.

"झाडांच्या पैशातून कफन आणलं. एका वासराचे पैसेही देऊन आलो शेजारच्या गावात. माझ्या मागे लोक जमतील, त्यांना उपाशी पाठवू का? पोरं दोन्ही कुमासीत, सणाला फोन करतात. तुझ्या भरवशावर होतो मी. पण तू पाहुणी होऊन आलीस. परक्या बाईला कसं सांगू, मला पोचवायला ये म्हणून?"

लारिबाला हुंदका फुटला. तिने तो लपवला नाही.

"अरे मूर्खा," ती म्हणाली, "तू मेलास की हाच अंगरखा घालून मी तुझ्यासारखी लंगडत सगळ्या गावातून फिरणार आहे. तुझी अशी नक्कल करीन की पार येंडीहून लोक बघायला येतील. वासरू कोणाला हवंय?"

आमच्यात आजोबा गेले की नातीने हे करायचंच असतं. म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"मग आत्ताच करून दाखव. तेव्हा मला कुठे बघायला मिळणार?"

तशी लारिबा उठली. डावा पाय ओढत, मान हलवत, प्रत्येक कोंबडीला शिव्या घालत ती निघाली, आणि तिच्यामागे खरा नांतोग्मा तस्साच लंगडत. बायका पाट्या टाकून धावल्या. रानात पोचेपर्यंत अर्धा गाव मागे होता. तोवर चार झाडं आडवी झाली होती. करवत थांबली.

"सुग्री," लारिबा म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाली, "मी नांतोग्मा. माझी अक्कल चरायला गेली होती, ती आत्ता घरी आली. सौदा पक्का करताना दिलेली तुझी कोलाची फळं परत घे."

सुग्री इथलाच. त्याला नातं कळत होतं, हसूही आवरत नव्हतं. पण तो खऱ्या नांतोग्माकडे वळला. "आजोबा, तुम्ही म्हणाल तर शब्द परत घेतो. पण उभ्या झाडांचे पैसे पूर्ण हवेत. मजुरांना रोज द्यायचाय मला. दुपारच्या नमाजापर्यंत थांबतो, मग करवत चालू."

म्हाताऱ्याने कमरेची पिशवी सोडली. कापड आणि वासरू यांवर गेलेले पैसे कमी पडत होते. लारिबाने पर्स उघडली. मगाझियाने ती तिथल्या तिथे मिटवली.

"तू कोण देणार? आज तू देशील, उद्या दुसरा म्हातारा विकायला निघाला तर कोणाच्या पर्सकडे बघायचं? हे तूच शिकवलंस ना आम्हाला?"

शिकवलं होतं खरं. गटाची तीन कुलपांची पेटी झाडाखाली आणली. तीन किल्ल्या तीन बायकांच्या गळ्यातल्या, आणि सगळा गट हजर असल्याशिवाय एकही कुलूप उघडायचं नाही. आज सगळा गट आपसूकच हजर होता. पण अडीनडीचा निधी फक्त सभासदाला मिळतो, आणि सभासद सगळ्या बायका.

"नाव घाल माझं," नांतोग्मा म्हणाला. "एकतिसावी बाई."

"मिशा काढाव्या लागतील," मागून कोणीतरी ओरडलं. मगाझियाने तिला जागच्या जागी दंड केला. मग नांतोग्माची पहिली भर घेतली, वहीत नाव चढवलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "निधी कशासाठी? कारणं तीनच. आजारपण, आग, मरण."

"मरण," म्हातारा म्हणाला. "माझंच."

बायका पोट धरधरून हसल्या. मगाझिया हसली नाही. "माणूस आधी मरावा लागतो. जिवंत माणसाचं मरण मी वहीत लिहिणार नाही."

लारिबा अजून त्याच्याच अंगरख्यात उभी होती. ती हसत नव्हती.

"लिही मगाझिया," ती म्हणाली. "आपण त्याला मेलेलाच धरला होता. अकरा हजार बायका मोजल्या मी, आणि ज्याने मला सायकल दिली त्याच्या दारात कागद ठेवून घड्याळ बघत उभी राहिले. नऊ वर्षं मेलेला होता हा माझ्यासाठी. लिही, मरण."

हसणं थांबलं. मगाझियाने पेन उचललं आणि लिहिलं. तिन्ही कुलपं उघडली. सुग्रीने पैसे घेतले, चार झाडांची लाकडं ट्रकात भरली आणि छत्तीस झाडं सोडून तो गेला.

बँकेच्या कागदावर अंगठा उठवताना नांतोग्मा कुरकुरला, "टोपी दे आता. डोकं तापलं माझं."

"नाही देत," लारिबा म्हणाली. "शुक्रवारी येते मी. तेव्हा भांडून घे."