धाकट्या जावेचे खडे

अक्षर माझं वाकडंतिकडं, ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट ठणकावून लिहिते: अख्ख्या नांदेडात माझ्या धाकट्या जावेइतकं खड्यांच्या नादी लागलेलं माणूस सापडायचं नाही.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. आमच्या बोअरचं पाणी जड. हंड्याला धरलेला पांढरा क्षार आम्ही बायका लिंबू चोळून काढतो. कामाला लागून आठवडा झाला नाही तोच तिला एका काचनळीत खळीसारखं काहीतरी आणि त्यात तसाच पांढरा क्षार दिसला. तिनं नळी लखलखीत केली. तो क्षार म्हणजे तिथल्या मॅडमनी प्रयोगासाठी दोन महिने खपून वाढवलेला मुतखडा होता! दुसरी असती तर घरी बसली असती. हिला मॅडमनी रागावून झाल्यावर उरलेला एक कण सूक्ष्मदर्शकातून दाखवला, आणि ही बिघडली ती बिघडलीच. आता ऑम्लेट करायला घेतलं की अंडं राहतं बाजूला आणि ही टरफल उजेडात धरते. सासऱ्यांना दाखवते, "मामा, यात उभे खांब असत्यात, खेटून खेटून!" गोदावरीच्या काठचा शिंपला दिसला की त्यात विटा रचल्यात म्हणते. तीस वर्षांत मला 'जेवलीस का' न विचारलेले सासरे तिला रोज विचारतात, "आज काय बघितलंस गं?" मी भाकरी थापत पाठमोरी ऐकायची आणि जळायची. मलाही एकदा त्या सूक्ष्मदर्शकातून बघायचं होतं. पण सांगायचं कुणाला?

मग गेल्या हिवाळ्यात मी तीन दिवस पोट धरून लोळले आणि डाळीएवढा मुतखडा पडला. जाऊ धावत आली. बरं वाटतंय का, हे नाहीच. "अक्का, कुठाय?"

"कुंकवाच्या डबीत."

"द्या की! आमचा नळीतला कणीएवढाबी होईना."

"न्हाई देत जा."

पंधरा दिवस तिनं माझ्या वाटची धुणीभांडी केली. इतकं सुख मला माहेरीही नव्हतं. शेवटी म्हटलं, "देते, पण मी सोता येणार."

मॅडमनी खडा मधोमध कापला. सूक्ष्मदर्शकातून मी आधी नळीतला बघितला: खडीसाखरेसारखा, स्वच्छ, धारदार. मग माझा: तपकिरी, काटेरी, आत थरावर थर.

"त्योच क्षार, अक्का. त्यो मोकळा वाढला, तुमचा दाटीत."

"गप गं. बघू दे."

मॅडमनी खडा बाटलीत घातला, वर माझ्या पूर्ण नावाची चिठ्ठी चिकटवली आणि बाटली कपाटात ठेवली. येताना रिक्षात जाऊ म्हणाली, "आठ वर्षं झाली मला तितं. त्या कपाटात माझ्या नावाचं काई न्हाई."

तिचं असं पडलेलं तोंड बघायची मला किती हौस होती. बघितलं, तर बघवेना.

"चिठ्ठीवर जागा हाय," मी म्हटलं. "खाली तुझं नाव टाक. तुझ्यापायी ठेवला, न्हाईतर मोरीत गेला असता."

"असं चालत न्हाई, अक्का."

एवढं बोलून तिनं माझा हात धरला. नळ्या धुऊन धुऊन तिचा तळवा किती खरखरीत झालाय, हे मला तोवर माहीत नव्हतं.