बॉल बांधापलीकडेच का जातो

माणसावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, ही सवय मला नोकरीने लावली. मी जमीन मोजणी खात्यात होते. आधी नांदेड, मग मुदखेड, शेवटी लातूर. हद्दीचा दगड सरकवणारे सख्खे भाऊ, आणि त्याच दगडावर हात ठेवून शपथ घेणारे सख्खे भाऊ, दोन्ही मी पाहिलेत, आणि बहुतेक वेळा ते एकच असायचे. भाजीवालीने कोथिंबीर जास्त दिली तरी मी आधी पिशवीच्या तळाशी हात घालून वांगी तपासते. निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही.

गोल्फचं खूळ मुलीमुळे लागलं. ती बंगळुरूला असते. एकदा तिने मला सरावाच्या मैदानावर नेलं, हातात स्टिक दिली आणि हसायच्या तयारीत उभी राहिली. पहिलाच बॉल असा लांब गेला की तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं. परत येताना मी दोन-तीन जुन्या स्टिका आणि पिशवीभर बॉल घेऊनच लातूरला उतरले. कॉलनीतल्या बायकांनी स्टिका पाहिल्या आणि गुडघे दुखतात का, असं विचारलं.

लातुरात गोल्फ कुठे खेळणार? पण चाकूरजवळ आमचं रान आहे. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेलं. त्या शिवारात आमच्या समाजातल्या माणसाने विकत घेतलेलं ते पहिलं रान. ते मी बटईने देते. यंदा सोयाबीन निघाल्यावर बांधालगतचा लांबट पट्टा मोकळा ठेवायला सांगितला, पलीकडच्या टोकाला एक बांबू रोवला, त्याला लाल फडकं बांधलं, आणि दर रविवारी गाडी काढून तिथे जायला लागले.

पट्ट्याच्या उजव्या अंगाला बांध, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची तूर. हा शेजारी माझ्याहून थोडा लहान. लहानपणापासून मला अक्का म्हणतो. आमच्या रानात जायची वाट त्याच्या रानातून आहे. तिचा कुठे कागद नाही. त्याच्या वडिलांनी माझ्या वडिलांना जाऊ दिलं, म्हणून आम्ही जातो. ती वाट बंद झाली तर आमच्या रानात बैल जाणार नाही की ट्रॅक्टर. मोजणीवाल्या बाईला याचा कागद करून घेता आला नाही का, असं कुणी विचारेल. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, आपल्या रानावर तू कधी मोजणीची साखळी टाकायची नाही. का, ते मला नकाशा पाहिल्यावर कळलं होतं, आणि कळूनही मी गप्प होते.

तर बॉल. मारला की सुरुवातीला बरा निघायचा, मग मध्येच काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळायचा आणि तुरीत जाऊन पडायचा. याला स्लाइस म्हणतात. प्रत्येक बॉल तिकडेच. आधी मला स्टिकेचा संशय आला. जुनी आहे, दुकानदाराने वाकडी गळ्यात मारली असणार. मग बॉलचा, मग वाऱ्याचा. तूर डोक्याएवढी, दाट. शोधून एखादा सापडायचा, बाकीचे गायब. मग मला शेजाऱ्याचाच संशय यायला लागला. उपाय म्हणून मी डावीकडे, विहिरीच्या दिशेने तोंड करून मारायला लागले. तर बॉल आणखी जोरात वळून तुरीत.

याच सुमारास शेजारी बदलला. दिवाळीनंतर दरवर्षी तुरीच्या कोवळ्या शेंगा पोचत्या करणारा माणूस, यंदा मला बघून तुरीत दिसेनासा झाला. पुढच्या रविवारी समोरासमोर गाठ पडली तेव्हा म्हणाला, ‘काय मॅडम.’ मॅडम. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी वाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी होती. माणूस कडेने जाईल एवढी जागा, गाडी नाही. मी गाडी रस्त्यावर लावून चालत गेले आणि चालता चालता हिशेब जुळवला. याला माझं रान हवंय. वाट आवळायची, बटईदार पळवायचा, आणि म्हातारी कंटाळली की पडेल भावात घ्यायचं. अशा वाटांच्या तक्रारी मी उभ्या आयुष्यात इतक्या पाहिल्यात की मला पुढची सगळी कोर्टाच्या तारखांची वारी दिसायला लागली.

रागात मारलेले बॉल तर सगळेच तुरीत गेले. संध्याकाळी मी मुलीला व्हिडिओ पाठवला. तिने तो तिच्या शिकवणाऱ्याला दाखवला आणि फोनवर मला सांगितलं की, तू बॉलला सरळ मारतच नाहीस, बाहेरून आत कापतेस, म्हणून तो फिरतो. डावीकडे वळून उभी राहशील तितकं जास्त कापशील. बॉल उजवीकडे जायला नको असेल तर स्टिक उजवीकडे जाऊ दे. मी म्हटलं, हे तर चोराच्या हातात किल्ली देणं झालं. ती म्हणाली, ‘आई, एकदा स्वतःचे पाय तरी बघ.’

पुढच्या रविवारी बॉलपासून बांबूपर्यंत दोरी ताणली. नेहमीसारखी उभी राहिले आणि खाली पाहिलं. डावा पाय उजव्यापेक्षा चांगला वीतभर मागे. बांधाच्या भीतीने मी पाय मागे घेत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. दोन्ही पाय दोरीला समांतर ठेवून उभी राहिले, आणि जीव मुठीत धरून स्टिक तुरीच्या दिशेने जाऊ दिली. बॉल बांधावरून निघाला, आता गेला म्हणेपर्यंत आत आला आणि बांबूच्या अलीकडे पडला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

बॉल उचलायला त्या टोकाला गेले, आणि तिथून पहिल्यांदा मला तुरीत त्या काठ्या दिसल्या. तुरीच्या शेंड्यांतून जेमतेम डोकं काढलेल्या, टोकाला खताच्या पोत्याची पांढरी चिंधी. बांधाला धरून सरळ रांग. माझं डोकं फिरलं. याने खाजगी मोजणीवाला आणून खुणा करून घेतल्या, आणि मला, मला पत्ता लागू दिला नाही! मी बांध ओलांडून पहिल्या काठीपाशी गेले. ती उपटणार तोच बुडाशी काहीतरी पांढरं दिसलं. माझा बॉल होता. दुसऱ्या काठीपाशी दुसरा. तिसऱ्या काठीपाशीही.

‘हात लावू नका मॅडम,’ मागून आवाज आला. तो उभा होता. ‘पंच येऊ द्या, मग उचला.’

त्याचं म्हणणं सरळ होतं. मी मोजणीतली बाई. लाल झेंडी रोवली, काठीने नेम धरला, आणि त्याच्या रानात एका रांगेत पांढऱ्या खुणा टाकल्या. नवी हद्द नाही तर काय? म्हणून पंचांना दाखवायला त्याने प्रत्येक खुणेपाशी काठी रोवून ठेवली होती. हा खेळ आहे म्हटलं तर त्याने तोंड दुसरीकडे केलं. मी त्याला बांधावर उभं केलं आणि मारून दाखवलं. बॉल सरळ गेला. वाटलं, सुटले.

त्याने बांबूकडे बघितलं. ‘येवढं सरळ येतंय तुमाला,’ तो म्हणाला, ‘मग इतके दिस माझ्याच रानात कामून टाकत व्हत्या?’

त्याच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. बोलून उपयोग नव्हता. मी दोरी बाजूला केली, डावा पाय पूर्वीसारखा मागे घेतला, त्याला म्हटलं पायाकडे बघा, आणि मारला. बॉल निघाला, वळला आणि थेट त्या काठ्यांच्या रांगेत जाऊन पडला. एक चिंधी हलली.

‘तुमच्याकडे येऊ नये म्हणूनच पाय मागे घेत होते,’ मी म्हटलं.

तो हसला नाही. बांधावर खाली बसला आणि हातातलं ढेकूळ फोडत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘बाबानं बांध सरकवला व्हता. मरताना मला बोलला. तवापासून तुमची गाडी दिसली की वाटतंय, आली मोजणी. किती आत हाय आमी?’

मला आकडा तोंडपाठ होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी नकाशा काढून मी तो वडिलांपुढे ठेवला होता. ते म्हणाले होते, तो वाट देतो, आपण बांध देऊ. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता, घाबरले म्हणून.

‘माहीत आहे मला,’ मी म्हटलं. ‘माझ्या वडिलांनाही माहीत होतं. तुमची वाट आमच्याकडे आहे ना, मग झालं की.’

तो उठला. तुरीत शिरला आणि एकेक काठी उपटत गेला. बॉल धोतराच्या सोग्यात जमा करत होता. मी बांधावर उभी राहून मोजत होते, सवय. शेवटची काठी उपटून तो तिथेच थांबला, शेंगांचा एक डहाळा मोडला आणि बॉलांवर ठेवला.

‘अक्का,’ तो तिथूनच म्हणाला, ‘गाडी आत घ्या. काटं काढतो.’