अण्णांच्या मागोमाग, धुळीतून

माझे सासरे पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना पाणी दिलं आणि पार्सल कुठं ठेवायचं ते सांगितलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बाकीची मंडळी बंगळूरहून सकाळीच रेल्वेनं पुण्यात उतरली होती. वरपिता मात्र काही दिवस आधीच एकटे मोटारसायकलवरून निघालेले, आणि कुठवर आलेत विचारलं की सगळे "येतील" एवढंच सांगत होते. ते आले ते असे: डोक्यापासून बुटांपर्यंत तांबडी धूळ, पाठीवर ताडपत्रीत बांधलेलं गाठोडं. त्या गाठोड्यात माझी साखरपुड्याची साडी होती. तिच्यावर धुळीचा एक कणही नव्हता, हे मान्य करायला हवं.

चूक लक्षात आल्यावर बाबा ओशाळून म्हणाले, "अहो, हायवे चांगला झालाय आता."

"झालाय की," अण्णा म्हणाले. "पण त्यावरून काय, कुणीही येईल."

त्यांचं नाव राघवेंद्रराव. पण सून, मुलगा, दूधवाला सगळे अण्णाच म्हणत. घराणं कित्येक पिढ्यांपासून तिकडचं. चामराजपेटच्या त्यांच्या घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही महिने मी नुसती मान डोलवत असे. मग हळूहळू कळलं. स्वल्प म्हणजे थोडं. सुम्ने म्हणजे उगाच. सरी म्हणजे बरं. यातला 'सरी' सगळ्यात फसवा. अण्णा कशालाही नाही म्हणत नसत. तुमचं सगळं ऐकून घेत, "सरी" म्हणत आणि जे करायचं तेच करत.

बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. निवृत्त झाल्यावर दरवर्षी दिवाळीचा फराळ संपला की अण्णा मोटारसायकलवर एक पिशवी बांधत आणि आठवडेच्या आठवडे नाहीसे होत. एकटेच. शक्य तिथवर डांबर टाळायचं, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी, तळ्यांच्या बांधांवरून, शेताशेतांतून जायचं, रात्री एखाद्या देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायची. कुठं चाललात विचारलं तर म्हणत, "सांगून गेलो तर तिथंच जावं लागतं की." फोन पिशवीच्या तळाशी, बंद. का, तर धुळीनं बिघडतो.

एका वर्षी मी त्यांच्या फोनमध्ये ते कुठं आहेत हे माझ्या फोनवर ठिपक्यानं दिसेल अशी सोय करून दिली. तो बंद करायचा नाही, असं बजावलं. "सरी," ते म्हणाले. नंतर यादगीरच्या पुढं कुठंतरी फोनचा तो ठिपका थांबला तो हलेचना. दिवसभर एकाच जागी. माझा नवरा श्रीनिधी तेव्हा ऑफिसच्या कामानं परदेशात होता, त्यामुळे रडायचं कुणापाशी हाही प्रश्नच. शेवटी मी तिथल्या पोलिसांना फोन केला. एका हवालदारानं मोठ्या कष्टानं ती जागा शोधून काढली. ते चहाचं दुकान होतं. अण्णांनी फोन दुकानदाराकडे चार्जिंगला लावला होता, 'परत येताना नेतो' म्हणाले होते आणि पुढं निघून गेले होते. परत येताना म्हणजे आठवड्यानं. घरी आल्यावर मी कडाडले, तर म्हणतात, "अगं, तूच म्हणालीस ना बंद करू नको म्हणून? चार्जिंग नको करायला?"

मग त्यांना काचबिंदू निघाला. जयनगरच्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून समजावलं, की अण्णांना समोरचं नीट दिसतंय, पण बाजूंचं दिसणं आक्रसत चाललंय, आणि गेलेलं परत येत नाही. औषधानं उरलेलं टिकवायचं. गाडी चालवणं बंद. अण्णा शेजारीच बसले होते. "तुम्हाला जाणवतं ना हो हे?" बाईंनी विचारलं. "छे. मला सगळं छान दिसतं," अण्णा म्हणाले. बाईंनी बोट दोन्ही बाजूंना हलवून दाखवलं, तेव्हा त्यांनी सरळ अंदाजपंचे उत्तरं दिली आणि निम्मी चुकली. तरी घरी येताना रिक्षात मला म्हणाले, "बाई चांगली आहे, पण स्वल्प घाबरट."

त्या दिवाळीनंतर ते पुन्हा पिशवी बांधायला लागले. मी किल्ली लपवली, त्यांनी दुसरी काढली. पुन्हा परदेशात असलेल्या श्रीनिधीनं फोनवरून आवाज चढवून पाहिला. मी विनवण्या केल्या, अबोला धरला.

"तिथं मला कोण आडवं येणार आहे? चिटपाखरू नसतं," अण्णा म्हणाले.

"मग मीपण येते. मागून. माझ्या गाडीनं."

मला वाटलं, आता तरी माघार घेतील. ते म्हणाले, "सरी."

अशी मी ऑफिसातून रजा काढून, माझी चिमुकली गाडी घेऊन, तुमकूरच्या पुढं एका बांधावरून सासऱ्यांच्या मागे मातीच्या रस्त्याला लागले. गाडीच्या पोटाला दगड लागत होते आणि प्रत्येक दगड मला स्वतःच्या पोटाला लागल्यासारखा वाटत होता. काच खाली केली की तोंडात धूळ, वर केली की उकाडा. अण्णा पुढं भुर्रकन दिसेनासे व्हायचे आणि मी जीव मुठीत धरून वळण घेतलं की कुठल्यातरी पारावर बसलेले सापडायचे, चारजणांशी गप्पा मारत. "ही माझी सून. मोठी हौस आहे तिला फिरायची," असं ते त्या लोकांना कन्नडमध्ये सांगायचे. मी दात आवळून हसायची.

चळ्ळकेरेच्या आसपास नुसतं माळरान आहे. पिवळं गवत, मधूनच बाभळी. तिथं दुपारी डाव्या हाताच्या उतारावरून मेंढ्यांचा कळप रस्त्याकडे येताना मला लांबूनच दिसला. अण्णांना दिसायलाच हवा होता, इतका मोठा. मी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. ते सरळ नाकासमोर बघत, त्याच वेगानं गेले आणि कळपात शिरले. मेंढ्या उधळल्या, मोटारसायकल आडवी झाली, आणि धूळ इतकी उठली की मला काहीच दिसेना.

मी धावत पोचले तेव्हा अण्णा उठून बसले होते. कोपर सोलवटलं होतं. मेंढ्यांना काही झालं नव्हतं, फक्त एक कोकरू भेदरून चाकापाशी थरथरत उभं होतं. अण्णांवर एक म्हातारी धनगरीण काठी उगारून उभी होती.

"कण्णु काणल्वा?" ती ओरडली.

डोळ्यांनी दिसत नाही का, असं रागाच्या भरात कुणीही विचारतं. बंगळूरच्या चौकात दिवसातून दहादा ऐकू येतं. त्याला कुणी उत्तर देत नाही.

अण्णांनी दिलं. कोकराकडे बघत ते हळूच म्हणाले, "काणल्ला, अम्मा." दिसत नाही, आई.

डॉक्टरांना नाही, मुलाला नाही, मला तर नाहीच नाही. सांगितलं ते माळावरच्या एका अनोळखी बाईला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी इतका राग आला, की ती काठी मागून घ्यावीशी वाटली. म्हातारीनं मात्र काठी खाली केली. त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या कोपरावर ओतायला लागली.

पुढच्या गावापर्यंत तरी मोटारसायकल न्यायला हवी होती. मी म्हणाले, इथंच ठेवू, माणूस पाठवू. अण्णांनी ती उभी केली, हॅण्डल सरळ केलं आणि बराच वेळ ते धरून राहिले.

"मृणाल," ते म्हणाले, "तू पुढं हो. सावकाश. मी तुझ्या मागून येतो."

मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हाकली. वाटेत गुरं आली, खड्डा आला की मी आधीच ब्रेकचा दिवा लावत होते. आरशात धुळीमधून त्यांचा दिवा येत होता. एकदाही तो पुढं आला नाही. गावात मोटारसायकल टेम्पोत चढवली आणि अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. गाव मागं पडलं. मग म्हणाले, "डावीकडे काय आहे?"

"झाड आहे."

"कुठलं?"

"मला काय माहीत अण्णा! हिरवं."

"अय्यो! हिरवं, म्हणे. पान केवढं आहे? शेंगा आहेत का?"

ते होंगेचं झाड निघालं, म्हणजे आपलं करंज. बंगळूर येईपर्यंत असंच चाललं. पुढं मोटारसायकल विकली, तरी हे थांबलं नाही. रविवार उजाडला की अण्णा टोपी घालून गाडीपाशी उभे. मग मी त्यांना कनकपुऱ्याच्या पलीकडच्या कुठल्यातरी मातीच्या रस्त्यावर न्यायचं, समोरचं ते बघणार, बाजूचं मी सांगायचं. चुकलं की ते परत फिरायला लावत. एकदा चिंच आणि गुलमोहरात माझा गोंधळ झाला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन अण्णा गेले. आधी कुणालाही, काहीही न सांगता. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते नव्हतेच.

आता मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सगळी झाडं ओळखू येतात. चालत्या गाडीतून, नुसत्या सावलीवरूनसुद्धा. ती कुणाला सांगायची, ते मात्र या माणसानं सांगून ठेवलं नाही.